पेढीवरील उमेदवार आणि त्यांचा विनोदी बखरकार

काही ग्रंथांचे दैव मोठे चमत्कारिक असते. ग्रंथकर्त्याने एका हेतूने ग्रंथ लिहावा आणि वाचकांनी नेमका त्याच्या उलट उपयोग करून घ्यावा, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात नवा नाही. परंतु मायकेल लुइस या अमेरिकन लेखकाच्या ‘लायर्स पोकर’ या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या वाट्याला तो ज्या थाटाने आला, तसा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. न्यूयॉर्कच्या सॉलोमन ब्रदर्स या बड्या पेढीत उमेदवार म्हणून शिरलेल्या एका तरुणाने, तेथून बाहेर पडल्यावर, तेथील शिकवणुकीची व व्यवहाराची उडविलेली ही रेवडी आहे. पुढे २००८ साली, म्हणजे अमेरिकेतील बड्या पेढ्या एकामागून एक कोसळत असता, लुइसने या पुस्तकाविषयी एक कबुलीजबाब दिला. त्याचा आशय असा की, ओहायओ राज्य विद्यापीठात शिकणाऱ्या, मनातून समुद्रशास्त्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्या एखाद्या हुशार मुलाने आपले पुस्तक वाचावे, पेढीवरच्या नोकरीला लाथ मारावी आणि समुद्राची वाट धरावी, अशी आपली अपेक्षा होती. पुस्तक निघून सहा महिने होतात न होतात तोच त्याच विद्यापीठातील मुलांच्या पत्रांचा ढीग त्याच्यापुढे पडला, व त्या पत्रांत पृच्छा एकच : वॉल स्ट्रीटची आणखी काही गुपिते तुम्हापाशी असल्यास कृपा करून कळवावी. इशारा म्हणून लिहिलेले पुस्तक पोरांनी वाटाड्या म्हणून वाचले होते!

लुइस ही हकीकत हसत हसत सांगतो आणि दोष वाचकांच्या व काळाच्या पदरात टाकून मोकळा होतो. माझे म्हणणे असे की, या दोषात ग्रंथाचाही वाटा आहे, आणि तो बराच मोठा आहे. पुस्तक वाईट आहे असे मात्र मला मुळीच म्हणावयाचे नाही. गेल्या पन्नास वर्षांत व्यापारी जगावर जे विनोदी लेखन इंग्रजीत झाले त्यात त्याची गणना वरच्या पंक्तीत करावी लागेल. चांगल्या ग्रंथाचाच दोष शोधण्यासारखा असतो. वाईट ग्रंथाचे दोष न शोधताच सापडतात.

प्रथम कथाभाग सांगितला पाहिजे. लुइसने प्रिन्स्टन येथे कलेच्या इतिहासाचा अभ्यास केला व नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा. लंडनमधील एका राजवाड्यात, राजमातेच्या उपस्थितीत झालेल्या भोजनप्रसंगी, सॉलोमन ब्रदर्सच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीशेजारी त्याचे पान मांडले गेले, आणि त्या बाईच्या शब्दावर त्याला नोकरी मिळाली. पगार पहिल्या वर्षी अठ्ठेचाळीस हजार डॉलर. हा आकडा ऐकून लंडन स्कूलमधील त्याच्या प्राध्यापकाचे डोळे पांढरे झाले. कारण चाळिशी उलटलेल्या, आपल्या विषयात शिखरावर पोहोचलेल्या त्या गृहस्थाच्या मिळकतीच्या तो दुप्पट होता. (या एका वाक्यापाशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो होतो, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.) त्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, पेढीकडे सहा हजारांवर अर्ज आले होते व त्यांतून एकशे सत्तावीस उमेदवार निवडले गेले. येथे ‘पेढी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सॉलोमन ब्रदर्स ही आपल्या परिचयाची, ठेवी स्वीकारणारी बँक नव्हे. सरकारचे व कंपन्यांचे कर्जरोखे घाऊक घेणे व विकणे हा तिचा मुख्य धंदा. आणि ‘उमेदवार’ हाही आपला जुनाच शब्द आहे : वकिलाकडे, सोनाराकडे, मुद्रणालयात उमेदवारी करणारा पोरगा हत्यारे पुसता पुसता धंदा आणि धंद्याची रीत दोन्ही एकदमच उचलीत असे.

या उमेदवारांची जी शाळा लुइसने रंगविली आहे तो पुस्तकातील सर्वांत सरस भाग होय. पहिल्या रांगेत बसून टिपणे घेणारे सज्जन, मागच्या रांगेत बसून कागदाचे बोळे फेकणारे गुंड, आणि व्याख्यान देण्यास आलेल्या अधिकाऱ्याला बोलता बोलता घाम फुटावा अशी एकंदर व्यवस्था! शेअरखात्यात आणि तेही डॅलस शहरी नेमणूक होणे म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असे या पोरांनी आपसांत ठरवून टाकलेले. आणि जो कोणी बावळट दिसेल त्याच्या नावापुढे ‘डॅलस’ जोडून मोकळे व्हावयाचे. वर्गात एके दिवशी ‘मानवी पिरान्हा’ या नावाने ओळखला जाणारा एक अधिकारी येतो. त्याच्या बोलण्यात शिवी हे नाम, विशेषण व क्रियापद अशा तिन्ही रूपांनी वावरते, आणि उमेदवार मंत्रमुग्ध होऊन ऐकतात. ज्याने पेढीला अमाप पैसा मिळवून दिला त्याला त्या मजल्यावर एक पदवी बहाल होई. ती येथे मराठीत देण्याचे प्रयोजन नाही. पुरुषार्थाविषयीच्या अत्यंत पोरकट कल्पनेतून ती निघालेली आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या शाळेत काय शिकवितात? हिशेब, व्याजाचे गणित, रोख्यांच्या किंमती, हे सर्व शिकवितातच. खोटे बोला, असे मात्र कोणी कोणास शिकवीत नाही. पुस्तकाची मार्मिकता येथे आहे. लुइसच्या ध्यानात जे आले ते असे की, शाळेत शिकविली जाते ती एक दृष्टी : कोणास भ्यावयाचे, कोणासारखे व्हावयाचे आणि मुख्य म्हणजे कोणास हसावयाचे. प्रथम पहिल्या रांगेतल्या सज्जनाला हसावयाचे, मग शेअरखात्याला, मग ज्याला रोख्यातले काही कळत नाही अशा सर्व मनुष्यजातीला, आणि या हसण्याच्या उतरत्या पायऱ्यांवर अगदी तळाशी जो उभा असतो तो गिऱ्हाईक. चार-पाच महिन्यांच्या शिक्षणानंतर उमेदवार विक्रीच्या मेजावर जाऊन बसतो, तेव्हा अप्रामाणिकपणाचा धडा त्याला वेगळा द्यावा लागत नाही. ज्याला आपण हसतो त्याला आपण फसविले असे मनुष्याला सहसा वाटत नाही.

पुस्तकाच्या नावाविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. ‘लायर्स पोकर’ हा पेढीवरील लोकांचा फावल्या वेळेतला जुगार. प्रत्येकाने एक डॉलरची नोट छातीशी धरावयाची, तिच्यावरील क्रमांकातील आकडे पाहावयाचे, आणि सर्वांच्या नोटा मिळून अमुक आकडा इतक्या वेळा आला असेल अशी चढत्या भाजणीने बोली करीत जावयाचे. अखेर कोणीतरी ‘खोटे!’ म्हणून आव्हान देईपर्यंत. पेढीचा प्रमुख जॉन गटफ्रुंड हा एके दिवशी रोख्यांच्या व्यापारातील आपला नामांकित मल्ल जॉन मेरिवेदर याच्या मेजाशी येतो आणि एक डाव, दहा लाख डॉलरांचा, हरल्यास रडावयाचे नाही, असे आव्हान देतो. मेरिवेदर शांतपणे उत्तर देतो की, खरे पैसे लावावयाचे असतील तर एक कोटी डॉलर लावू. प्रमुख मुकाट्याने परत जातो. पुस्तकाचा आरंभ या प्रसंगाने होतो आणि तो वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात, यात शंका नाही.

परंतु रोमांच ओसरल्यावर विचार करू लागलो, म्हणजे ध्यानात येते की, हे रूपकच मुळी फसवे आहे. नोटांच्या खेळात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की, समोरचा खोटे बोलत आहे. सर्वांच्या हाती एकेक नोट, सर्वांना नियम सारखे, आणि खोटे बोलणे हाच त्या खेळातील प्रामाणिकपणा! ज्या धंद्याचे हे रूपक म्हणून योजिले आहे त्या धंद्यात मात्र तारेच्या दुसऱ्या टोकास असलेल्या मनुष्यास आपण खेळात बसलो आहो याचीच वार्ता नसते. तो सल्ला मागत असतो. लुइससारख्या कुशाग्र लेखकाने हा भेद पाहिला नसेल असे म्हणवत नाही. परंतु ज्या रूपकाने पुस्तकाला नाव दिले, डौल दिला आणि खप दिला, ते मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

पुस्तकातील मर्माचा प्रसंग पाहा. लुइस लंडनच्या कचेरीत नवखा विक्रेता म्हणून दाखल झाला आहे. पेढीचा एक व्यापारी त्याला सांगतो की, अमेरिकन टेलिफोन कंपनीचे रोखे सध्या मोठ्या सवलतीत मिळत आहेत. लुइस हे आपल्या एका गिऱ्हाइकाला, एका लहान बँकेच्या जर्मन प्रतिनिधीला, जसेच्या तसे सांगतो. तो बिचारा विश्वास ठेवतो व तीस लाख डॉलरांचे रोखे उचलतो. लागलीच पेढीच्या ध्वनिवर्धकावरून न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंत अभिनंदनाची आरोळी ऐकू येते की, या नव्या पोराने ‘आपले’ टेलिफोन कंपनीचे रोखे खपविले. नवखा क्षणभर फुगतो. मग त्याच्या कानात तो एक शब्द खुपू लागतो. ‘आपले’ म्हणजे? हे रोखे पेढीपाशी पडून होते, आणि तिला ते कोणाच्या तरी गळ्यात बांधावयाचे होते, याची त्याला दाद नव्हती. एका सर्वनामाने सारा व्यवहार उघडा पडतो! हे कौशल्य असामान्य आहे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे साठ हजार डॉलर बुडालेले असतात. तो दूरध्वनीवरून कळवळून विचारतो. लुइस व्यापाऱ्याला जाब विचारण्यास जातो तेव्हा उलट त्यालाच प्रश्न येतो की, तू नोकर कोणाचा, त्याचा की पेढीचा?

हा प्रश्न सर्व उमेदवारीचे सार आहे. येथवर लेखकाची लेखणी अचूक आहे. पण येथून पुढे काय होते ते बारकाईने पाहावे. लुइसला वाईट वाटते, तो तसे लिहितोही. मात्र वाईट वाटण्याचा तो परिच्छेद संपतो न संपतो तोच दुसरा विनोद, तिसरी वल्ली, चौथा किस्सा. तो जर्मन गृहस्थ पुस्तकातून जवळजवळ नाहीसा होतो. त्याची बायकामुले, त्याच्या बँकेतील वरिष्ठ, ज्यांच्या ठेवीतून ते साठ हजार गेले ते कोणी अनाम ठेवीदार, यांपैकी एकाचीही सावली पानावर पडत नाही. तो राहतो एक आवाज. तोही परकीय उच्चारामुळे किंचित हास्यास्पद झालेला. म्हणजे पेढीच्या शाळेने उमेदवाराला जी दृष्टी दिली त्याच दृष्टीने ग्रंथकाराने आपल्या वाचकालाही पाहावयास लाविले. शाळेची थट्टा करता करता त्याने शाळेचा धडा पुढे चालविला, हा माझा त्याच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

आमच्या रंगभूमीवरील एका उदाहरणाने माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक दारूच्या विरुद्ध लिहिलेले आहे, याविषयी दुमत नाही. तरीही त्या नाटकात सर्वांत लोकप्रिय पात्र कोणते? तळीराम! त्याचे आर्यमदिरामंडळ, त्याची कोटिबाज वाणी, दारूच्या समर्थनार्थ त्याने काढलेल्या उलट्यासुलट्या तर्कांच्या फैरी, यांवर प्रेक्षक फिदा असत. तळीरामाची भाषणे पाठ म्हणणारे लोक मी लहानपणी घरोघर पाहिले आहेत, आणि त्यांतील सर्वच निर्व्यसनी होते असे नव्हे. गडकऱ्यांना हा धोका ठाऊक असला पाहिजे. म्हणूनच त्यांनी तळीरामाच्या समोर सिंधू उभी केली. पहिल्या पेल्याचे विनोद ऐकून हसलेल्या प्रेक्षकाला पुढे जात्यावर बसलेली सिंधू पाहावीच लागते. बालगंधर्वांनी ती भूमिका केली तेव्हा हसणाऱ्यांचीच आसवे आवरली नाहीत, असे जुने लोक सांगत. नाटक थोडे भडक झाले आहे, अखेरीस करुणरसाचा पूर कमी करता आला असता, हे टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. तथापि त्या भडकपणातच नाटककाराची सचोटी आहे. आपण उधळलेल्या विनोदाची किंमत त्याने त्याच रंगमंचावर, त्याच रात्री चुकती केली. लुइसच्या पुस्तकात तळीराम पुष्कळ आहेत, सिंधू नाही.

यावर असे म्हणता येईल की, लेखक काही नीतिशिक्षक नव्हे. त्याने पाहिले ते लिहिले, आणि पेढीवरील माणसाला गिऱ्हाइकाचे तोंड दिसतच नसते, मग त्याने ते कोठून आणावे? कलेकरिता कला की जीवनाकरिता कला, हा वाद आमच्याकडे फडके व खांडेकर यांच्या नावाने पुरेसा गाजलेला आहे व त्याची राख पुन्हा उकरण्याची मला हौस नाही. खांडेकरांच्या पक्षात जाऊन बसण्याचाही माझा मानस नाही. उपदेशाने बरबटलेली कादंबरी मला आजही वाचवत नाही. परंतु येथे प्रश्न कलेचाच आहे. जे चित्र अर्धे आहे ते कलेच्या दृष्टीनेही अर्धेच. दूरध्वनीच्या एका टोकाचे इतके सजीव चित्र काढणाऱ्या लेखकाला दुसऱ्या टोकाची चौकशी करण्यास कोणी अडविले नव्हते. नोकरी सोडल्यावर त्याला पुस्तक लिहिण्यास सवड होती. त्या जर्मन गृहस्थाचा पत्ता काढून त्याला एक भोजन घालण्याइतके पैसे तर खासच होते.

अलीकडे हा विषय शास्त्रज्ञांनीही हाती घेतला आहे. झुरिक विद्यापीठातील कोन, फेर व मारेशाल या तिघांनी २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेतील एकशे अठ्ठावीस नोकरांना एकांतात दहा वेळा नाणे उडवून निकाल आपला आपण कळविण्यास सांगितले. छाप-काटा मनासारखा पडल्यास प्रत्येक वेळी वीस डॉलरपर्यंत मिळकत. निम्म्यांना आधी घरगुती स्वरूपाचे प्रश्न विचारले होते, निम्म्यांना त्यांच्या बँकेतील कामाविषयी. पहिल्या गटाने शेकडा ५१.६ वेळा आपण जिंकल्याचे कळविले, म्हणजे जवळजवळ दैवाने द्यावे तितकेच. ज्यांना धंद्याची आठवण करून दिली होती त्यांनी ५८.२ वेळा! मनुष्य तोच, नाणे तेच. फक्त आपण कोण याची आठवण निराळी. मात्र २०१९ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या काही संशोधकांनी मध्यपूर्वेतील व आशियातील बँकांत हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. तेव्हा बँकेतला मनुष्य म्हणजे लबाड, असा ढोबळ सिद्धांत बांधून कोणी समाधान मानू नये. ज्या त्या पेढीची हवा निराळी, एवढेच यावरून फार तर म्हणता येईल. पण आपण कोण म्हणून बोलत आहो यावर मनुष्याचा खरेखोटेपणा अवलंबून असू शकतो, ही गोष्ट मोठी आहे. आणि ‘तू नोकर कोणाचा?’ या त्या व्यापाऱ्याच्या प्रश्नात ती झुरिकच्या आधी पंचवीस वर्षे येऊन गेली होती.

२०१५ सालची एक बातमीही येथे सांगण्यासारखी आहे. गोल्डमन सॅक्स या पेढीने आपल्या लंडन व न्यूयॉर्क येथील सुमारे वीस नवशिक्या नोकरांना, शिक्षणक्रमातील परीक्षांत लबाडी केल्याबद्दल, कामावरून दूर केले, जे. पी. मॉर्गननेही तशाच कारणावरून दहाएक जणांना घरी पाठविले. जगातील नामांकित विद्यापीठांतून चाळून घेतलेली ही मुले. त्या चाचण्यांत ती सरळपणे उत्तीर्ण झाली नसती असे मानण्यास काही आधार नाही. परीक्षकाच्या धंद्यात तीस वर्षे घालविल्यामुळे मला या प्रकाराचे नवल वाटले नाही. कॉपी करणाऱ्यांत ढ मुले असतात, तशी उत्तर येत असूनही शेजाऱ्याच्या कागदावर नजर टाकणारी हुशार मुलेही असतात. या दुसऱ्या जातीच्या मुलाला पकडले म्हणजे तो लाजत नाही. परीक्षा ही एक औपचारिक गोष्ट आहे व ती शहाणपणाने उरकावयाची असते, असे तो आपल्याला समजावून सांगतो. लुइसच्या मागच्या रांगेतली पोरे ती हीच.

ग्रंथाचा शेवट मात्र मला आवडतो. लुइस सांगतो की, मनुष्याला मिळणारा पैसा हा समाजाच्या कल्याणास त्याने लाविलेल्या हातभाराचे साधारण माप आहे, अशी त्याच्या वडिलांच्या पिढीची श्रद्धा होती. अनुभवशून्य अशा आपल्यासारख्या पोराच्या पदरात पडणारी रास पाहून वडिलांची ती श्रद्धा डळमळली. येथे प्रथमच विनोद मागे सरतो आणि एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलाच्या पगाराचा आकडा हाती धरून विचारात पडलेला दिसतो. असे आणखी दोन चेहरे पुस्तकात असते तर ओहायओच्या पोरांनी कदाचित दुसरी पत्रे लिहिली असती. १९८८ च्या आरंभी लुइसने नोकरी सोडली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९१ साली, उघडकीस आले की, पॉल मोझर हा सॉलोमनचा सरकारी रोख्यांचा व्यापारी, कोणाही एकास शेकडा पस्तीसहून अधिक रोख्यांची मागणी करता येऊ नये हा नियम चुकविण्यासाठी, लिलावात आपल्या गिऱ्हाइकांच्या नावाने, त्यांना न विचारता, खोट्या बोली भरीत होता. आणि वरिष्ठांना हे कळूनही ते काही महिने गप्प बसले. गटफ्रुंडला पायउतार व्हावे लागले, वॉरन बफे यांना पेढी सावरण्यास यावे लागले, आणि पुढल्या वर्षी एकोणतीस कोटी डॉलर भरून प्रकरण मिटले. आज त्या पेढीचे नावही उरलेले नाही. पुस्तकात जो गिऱ्हाईक दूरध्वनीवरचा आवाज होता तो मोझरच्या हाती अर्जावरचे नुसते नाव झाला होता. पुस्तकाच्या पुढील आवृत्त्यांची थोरवी या प्रकरणाने वाढली. माझ्या मते त्याने पुस्तकाची उणीव दाखवून दिली.

आता या पुस्तकाने मला इतके का छळावे, ते सांगितले पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून इंग्रजी घेऊन पदवीधर झालेला एक विद्यार्थी एका बँकेत प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून लागला. मुलगा बुद्धिमान, वाचनाची गोडी असलेला. निरोप घ्यावयास आला तेव्हा मी हे पुस्तक त्याच्या हाती ठेवले व म्हणालो, “जाण्यापूर्वी हे वाच. कोणत्या धंद्यात शिरतो आहेस ते कळेल.” पुढल्या दिवाळीत तो पुस्तक परत करावयास आला. पेन्सिलीने पानोपानी खुणा केलेल्या होत्या. चहा घेता घेता त्याने आपल्या शाखेतल्या गमती सांगितल्या आणि त्या अप्रतिम सांगितल्या. लुइसची शैली त्याला साधली होती. त्यांतली एक गंमत अशी : एक वृद्ध बाई मुदत ठेवीच्या नूतनीकरणास आली होती. महिनाअखेर होती, विम्याचे टार्गेट अपुरे होते. त्याने ठेवीच्या कागदांऐवजी विम्याचे कागद पुढे केले. दर वर्षी तेवढीच रक्कम भरावी लागते हे तिच्या ध्यानात एका वर्षानंतर यावयाचे होते. जाताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. “सर, शाखेत त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,” तो म्हणाला. बाईच्या हात ठेवण्याची त्याने अशी हुबेहूब नक्कल केली की मी मोठ्याने हसलो.

तो गेल्यावर मी पुस्तक उघडून खुणा पाहिल्या. टेलिफोन कंपनीच्या रोख्यांच्या प्रसंगाला समासात दुहेरी रेघ होती. वडिलांच्या परिच्छेदाला काही नव्हते. त्या खुणा मी खोडल्या नाहीत. त्या पोरावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. पुस्तक मी दिले होते, आणि नक्कल पाहून हसलोही मीच होतो.

गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा भेटला. आता तो बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या उमेदवारांना शिकवितो व शिकविताना लुइसचे दाखले देतो, असे त्याने मोठ्या आदराने सांगितले. मी त्याला विचारले, “त्या बाईंचे पुढे काय झाले रे?” तो गोंधळला. “कोणत्या बाई, सर?” मी आठवण करून दिली. त्याने बराच वेळ मनापासून आठवण्याचा प्रयत्न केला. शाखा कोणती ते त्याला सांगता आले, महिना मार्च होता हेही सांगता आले. त्या सुमारास तशा दोघी-तिघी होत्या, तो म्हणाला, आणि आपण मला सांगितली ती त्यांपैकी कोणती, हे काही त्याला निश्चित करता येईना.